मुलांना परूश्याची प्रार्थना शिकवू नका

पोराने ताटात भात टाकला की आपलं वाक्य तयार असतं, "बघ, कितीतरी मुलांना एवढंसुद्धा मिळत नाही, देवाचे आभार मान." ख्रिस्ती घरांत तर हे हमखास. मला ते अजिबात पटत नाही आणि त्याचं कारण बायबलमध्येच आहे.

लूकच्या शुभवर्तमानात, १८ व्या अध्यायात, येशूने सांगितलेल्या गोष्टीतला परूशी, म्हणजे धर्माचे नियम काटेकोर पाळणारा यहुदी, मंदिरात उभा राहून काय करतो? देवाचे आभारच मानतो ना! मी इतरांसारखा नाही, या जकातदारासारखा, म्हणजे लोक ज्याला पापी समजतात त्या कर गोळा करणाऱ्यासारखा नाही म्हणून. देवाचं नाव आहे, उपवास आहे, दशांश आहे, सगळं आहे, तरी येशू म्हणतो नीतिमान ठरून घरी गेला तो जकातदार. मग दुसऱ्याच्या उपाशी पोटाकडे बोट दाखवून आपण लेकरांना कोणाची प्रार्थना शिकवतोय?

आणि त्याच्या आधीच्याच अध्यायात येशूने बरे केलेले ते दहा कुष्ठरोगी. बरे दहाही झाले, आभार मानायला परत आला एकटा शोमरोनी, यहुदी ज्यांना परके मानत त्यांच्यातला. बाकीचे नऊ कुठे आहेत असं येशूने विचारलं, पण त्या नवांना दिलेलं बरेपण काढून नाही घेतलं हो त्याने. आपण मात्र "थँक्यू म्हण, नाहीतर चॉकलेट परत दे" म्हणतो, म्हणजे आभार हा सौदाच झाला. तो शोमरोनी परत का आला, तर आपण बरे झालोय हे त्याने पाहिलं. मुलांना हे पाहणं शिकवायला हवं असं मला मनापासून वाटतं.

गोव्यात त्यासाठी लांब जायला नको. राय गावात ५ ऑगस्टला कणसांचं फेस्त, म्हणजे सण, असतो, ताळगावला २१ ऑगस्टला, नव्या भाताची कणसं चर्चमध्ये आशीर्वादाला येतात. फेस्ताला मुलांना न्याच, पण त्याआधी पावसात लावणी चालू असते तेव्हाही न्या, चिखलात वाकून रोप लावणाऱ्या बायका दाखवा, त्यांच्याशी बोलायला लावा, नावं विचारू द्या. मग जेवणाआधीच्या प्रार्थनेत मुलं त्यांची नावं घेतील, भात पिशवीतून येत नाही हे वेगळं सांगावं लागणार नाही.

कोणी म्हणेल मग गरिबी दाखवायचीच नाही का? दाखवा की, पण आपल्या पोराला स्वतःबद्दल बरं वाटावं म्हणून नको. नाताळला कुसवाराचं, म्हणजे घरच्या गोडधोडाचं, ताट शेजारीपाजारी जातंच, त्यातलं एक त्या लावणीवाल्या बायकांच्या घरीही जाऊ दे, आणि ते मुलांनीच न्यायचं, आईबाबांनी गाडीतून पोचवायचं नाही.