तीनची बोली टाका, पार्टनर संपवा

ब्रिजमध्ये नाव काढायचं असेल तर गुण मोजत बसू नका. एक्क्याचे चार, राजाचे तीन, राणीचे दोन, गुलामाचा एक, ही बेरीज शाळकरी पोरांनी करावी. आपण तेरा पानं उचलायची, त्यातला लांब दिसेल तो रंग धरायचा आणि थेट तीनवर उघडायचं, म्हणजे तेरापैकी नऊ हात (फेऱ्या) करीन अशी पहिलीच बोली लावायची. याला प्रीएम्प्ट म्हणतात. समोरच्या जोडीला एक-दोनच्या पायरीवर आपसात चार गोष्टी बोलता येऊ नयेत, म्हणून त्यांची जागाच खाऊन टाकायची, एवढाच यातला विचार. तो तुम्हाला कळला, म्हणजे सगळं ब्रिज कळलं.

आता जुनी माणसं म्हणतील, तीनवर उघडायला सात पानांचा रंग हवा, त्यात वरच्या तीन पानांपैकी दोन तरी हवीत आणि बाकी हात हलका हवा. म्हणू द्या. सहा पानं चालतात. राणी-नव्वीवर चालतं. दुर्री-तिर्रीही पानंच असतात, ती छापायला काही कमी पैसे लागलेले नाहीत.

त्या लांब रंगाच्या शेजारी इस्पिकची किंवा बदामाची चार चांगली पानं असली तर ती पार्टनरपासून लपवा. त्याला काय करायचंय?

तुम्ही कितव्या हाताला आहात, म्हणजे बोलायची तुमची पाळी कितवी, याचाही विचार नको. पहिल्या हाताला उघडलं तर समोर दोन शत्रू आणि एक मित्र, म्हणजे वाट अडणारा बहुधा शत्रूच. तिसऱ्या हाताला तर पार्टनरने पास दिलेला असतो, तिथे थोडा धिंगाणा चालतो. दुसऱ्या हाताला मात्र एका शत्रूने आधीच पास दिलेला असतो. उरले एक शत्रू आणि एक मित्र. कुणाची वाट अडेल ते निम्मंनिम्म, म्हणून तिथे सगळ्यात चोख हात लागतो. पण तुम्ही शूर आहात. दुसऱ्या हाताला सगळ्यात वाईट हातावर उघडा.

आणि चौथ्या हाताला? तिघांनी पास दिलेत, तुम्हीही पास दिला तर डाव मिटतो. तरीही अडवा. कुणाला, ते नंतर बघू.

अशी उडी मारून बोलताना स्टॉपचं कार्ड ठेवायचं असतं, ते विसरत जा. पुढच्याने दहा सेकंद थांबायचं असतं. तो थांबला की ‘काय ओ, झोप लागली का?’ विचारा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बोर्डवर, म्हणजे पत्ते ठेवायच्या खोक्यावर, कोण व्हल्नरेबल आहे (कुणाला पडल्यावर दंड जास्त आणि गेमला गुणही जास्त) ते लाल रंगात लिहिलेलं असतं. त्याकडे ढुंकून बघू नका. ब्रिजचे जुने उस्ताद एली कल्बर्टसन यांच्या काळापासून ‘दोन आणि तीन’ असा नियम चालत आलाय: व्हल्नरेबल असाल तर हातात दिसतात त्यापेक्षा दोन हात जास्त बोला, नसाल तर तीन. हे तुमच्यासाठी नाही. तुम्ही पाच-सहा जास्त बोला. हिशेब अगदी सोपा आहे, म्हणून करायचा नाही. समोरचे व्हल्नरेबल, आपण नाही, अशा वेळी डबलमध्ये (समोरच्यांनी दंड वाढवलेला असताना) तीन डाऊन गेलं, म्हणजे बोलीपेक्षा तीन हात कमी झाले, तर ५०० जातात आणि त्यांचा चार इस्पिकचा गेम, म्हणजे मोठ्या बक्षिसाची बोली, ६२० चा असतो. म्हणजे पडूनही फायदा. उलट असेल, आपण व्हल्नरेबल आणि ते नाहीत, तर दोन डाऊनचेच ५०० होतात आणि त्यांचा गेम असतो ४२० चा. तीन डाऊनला ८००. चार डाऊनला ११००. हे आकडे मला परवापासून झोपेतही पाठ आहेत, कारण परवाच्या रविवारी ते मी आमच्याच रकान्यात लिहिले.

आम्ही व्हल्नरेबल, ते नाहीत. डीलरने पास दिला. आमचे पार्टनर दुसऱ्या हाताला. त्यांनी तीन चौकट टाकलं, तेही कार्ड आपटून. त्यांच्याकडे काय होतं? चौकटची राणी, नव्वी, अठ्ठी, छक्की, तिर्री, दुर्री. सहा! इस्पिकचे राजा, गुलाम, सत्ती, चव्वी. बदामाची दोन फुसकी पानं, किलवरची एक सत्ती. पुढच्याने टेकआउट डबल दिला, म्हणजे ‘पार्टनर, तू तुझा रंग सांग’ असा. माझ्याकडे तेरा गुण, चौकटचं एकच पान, बदामाची पाच, इस्पिकची चार. मी पास दिला. दुसरं काय देणार? डीलरकडे चौकटची पाच पानं, राजा-गुलाम-दश्शीसकट. त्याने माझ्याकडे बघून मंद हसत पास दिला. डबल तसाच राहिला.

आयर्विन पुलाखाली पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा आणि ४५ वर धोका, हे सांगलीत दुसरीतलं पोरही सांगतं. २०१९ च्या ऑगस्टात ते ५७ च्या वर गेलं तेव्हा कुणी ‘बघू काय होतंय’ म्हणत नदीकडे सतरंजी टाकली नव्हती. आकडा बघून माणसं उठतात. आणि इथे बोर्डवर लालभडक लिहिलेलं असताना आमचे पार्टनर नेमके तिथेच सतरंजी टाकतात, वर भडंग मागवतात.

पाच हात झाले. इस्पिकच्या तिसऱ्या फेरीला डीलरने चौकटच्या सत्तीने मारलं, तेव्हा ते म्हणाले, ‘अरेच्चा.’ अरेच्चा! चार डाऊन, डबल, व्हल्नरेबल. समोरच्यांकडे मिळून एकवीस गुण, त्यांना गेम नव्हताच. मग अडवलं कुणाला? त्यांनी पास दिला असता तर पुढचा एक किलवर बोलला असता, मी एक बदाम, हे एक इस्पिक, मी दोन. दोन इस्पिक सुखाने होत होतं, ११० आमचे. दुसऱ्या टेबलावर हेच पत्ते आलेल्या एका जोडीने केलंही. त्यांना चौकटकडे बघायची वेळ आली नाही. ते ११० आणि आमचे ११०० यांत शून्य एकच जास्त आहे म्हणा, पण ते वजा बाजूला आहे.

बरं, डाव संपल्यावर काय करायचं, तेही शिकून घ्या. पत्ते बोर्डात घालायच्या आधी पार्टनरकडे वळायचं आणि विचारायचं, ‘तुमच्याकडे इस्पिकची चार होती, मग तीन इस्पिक बोलून मला यातून काढलं का नाही?’ कधी काढायचं, साहेब? तीन चौकट बोलणाऱ्याकडे शेजारी राजा-गुलामावर चार इस्पिक असतात हे मी कोणत्या आकाशवाणीवरून ऐकायचं? मग विषय बदलायचा. ‘जकार्ताला २०१८ च्या आशियाडला प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकारनी सुवर्ण आणलं, बर्धन तेव्हा साठ वर्षांचे होते, त्यांनी जोखीम घेतली नसेल का?’ घेतली असेल. बोर्ड वाचून घेतली असेल. साठी तुमचीही झालीय, एवढंच काय ते साम्य.

एकदा तीनवर उघडून झालं की पुढच्या फेरीत पुन्हा बोला. पार्टनरला स्वतःचा मेंदू असतो हे मान्य करू नका.

मोबाईलवर रोबोंबरोबर रात्रभर हेच करा. रोबो बिचारे काही बोलत नाहीत.

आता उपरोध पुरे. मला यातलं काहीही गमतीचं वाटत नाही. प्रीएम्प्ट हे पार्टनरला सांगणं आहे: माझ्याकडे हा एक रंग आहे, एवढे हात आहेत, दुसरं काही नाही, आता तू ठरव. तुम्ही तेच खोटं सांगता, वर ठरवलं का नाही म्हणून माझ्यावर डाफरता. मिरजेहून दोन पोरं नवी यायला लागली आहेत, ती तुमच्याकडे बघून शिकतायत. परवा त्यातल्या एकाने पाच पानांवर तीन बदाम उघडलं आणि तुम्ही शाबास म्हणालात. लाज वाटायला हवी. अडवायला डोकं लागतं, छातीत दम लागत नाही. पुढच्या रविवारी खुर्चीत बसलात की आधी बोर्ड बघा, मग कोण कितव्या हाताला ते बघा, मग पानं लावा, चौकट एका बाजूला, इस्पिक दुसऱ्या बाजूला, आणि मोजा. बोटं वापरलीत तरी चालेल. सहा आली आणि लाल दिसलं तर बोलीच्या कार्डांच्या डब्यात हिरवं कार्ड असतं, त्यावर पास लिहिलेलं असतं. ते डब्यात सगळ्यांत जास्त भरलेलं असतं. काढा आणि ठेवा टेबलावर. आपटू नका.