माफ करा, पण लवकर करा

आपला पुढारी भानगडीत सापडला की इंदूरच्या मराठी माणसाची पंचाईत होते. न्याय व्हावा असं तर वाटतं, पण भाच्याच्या बदलीसाठी त्याच साहेबांची चिठ्ठी नेलेली असते. तेव्हा उगाच झुरू नका. लोकहितासाठी माफ करून टाका. फक्त नीट करा, कारण यातही कसब आहे.

पहिलं पथ्य घाईचं. अमेरिकेचे एकेकाळचे अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांचा कित्ता गिरवा. विरोधी पक्षाच्या कचेरीतली घुसखोरी आणि तिच्यावर घातलेलं पांघरूण, म्हणजे वॉटरगेट; त्यापायी आधीचे अध्यक्ष निक्सन 9 ऑगस्ट 1974 रोजी पायउतार झाले आणि 8 सप्टेंबरला, रविवारी सकाळी, फोर्डसाहेबांनी त्यांना माफी देऊनही टाकली. अजून आरोपपत्रसुद्धा नव्हतं! माफीनाम्याची भाषा तर चौकट करून भिंतीवर लावावी अशी: 20 जानेवारी 1969 पासून 9 ऑगस्ट 1974 पर्यंत निक्सन यांनी केलेले, किंवा केले असतील ते, सगळे गुन्हे माफ. काय केलं ते कळायच्या आत माफ करणं सोपं जातं. कळल्यावर लोक एकेक कलम वाचत बसतात आणि मन खट्टू होतं.

निक्सननी गुन्हा कबूल केला का, असं कुणी खवचट विचारेलच. त्यांना आपल्या चुकांबद्दल खेद वाटला, एवढं पुरे. उरलेलं फोर्डनी सांभाळलं. माफी स्वीकारणं म्हणजे गुन्हा मान्य करणं, अशा अर्थाचा 1915 च्या एका निकालातला उतारा ते पाकिटात घालून फिरत. कबुली ज्याची त्याच्या तोंडात नसली तरी दुसऱ्याच्या पाकिटात तर होती! निक्सनचे हाताखालचे लोक, हाल्डेमन, अर्लिकमन, मिचेल, तुरुंगात गेले ते गेलेच. कायदा जिवंत आहे हे दाखवायलाही कुणीतरी लागतं. फोर्ड 1976 ची निवडणूक हरले खरे, पण 2001 मध्ये त्यांना याच माफीसाठी, धैर्याचा म्हणून, केनेडींच्या नावाचा पुरस्कार मिळाला. तुम्हीही पंचवीसेक वर्षं कळ काढा.

पण एवढं लांब जायचं कशाला? आपल्या गावातलंच घ्या. 1925 साली मुंबईत मलबार हिलवर बावला या श्रीमंत व्यापाऱ्याचा खून झाला, त्याच्यासोबतच्या मुमताज बेगमला, म्हणजे इंदूर दरबार सोडून गेलेल्या नर्तकीला, पळवून न्यायचा प्रयत्न झाला, आणि आरोपी इंदूर दरबाराशी संबंधित निघाले. इंग्रज सरकारने इंदूरचे महाराज तिसरे तुकोजीराव होळकर यांच्यापुढे दोन वाटा ठेवल्या: चौकशीला सामोरे जा, नाहीतर गादी सोडा. 1926 मध्ये महाराजांनी गादी मुलाला दिली आणि चौकशी बारगळली. सगळ्यांची सोय झाली. महाराज दोषी होते की निर्दोष, हे त्या चौकशीतून कळायचं ते राहूनच गेलं. निर्दोष असतील तर बिचाऱ्यांना तसं कागदावर मिळालंही नाही. एवढी बारीकसारीक नुकसानी सोसावी लागते. कापड बाजारावर तुकोजीरावांचं नाव आजही झळकतंय. दुसरे की तिसरे, हे ताग्याचा भाव ठरवताना कोण विचारतो?

आपल्या राज्यघटनेत मात्र एक खोट आहे. 72 आणि 161 या कलमांखाली राष्ट्रपती-राज्यपाल माफी देतात ती दोषी ठरलेल्याला. म्हणजे आधी खटला संपायला हवा! वर न्यायालय डोकावतं ते वेगळंच. आंध्रात एकाची शिक्षा राज्यपालांनी कमी केली. अहवालात तो चांगला काँग्रेस कार्यकर्ता असल्याची नोंद होती. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सूट रद्द केली. असले सद्गुण कागदावर आणायचे नसतात, तोंडी सांगायचे असतात.

मग खटलाच मागे घ्यावा म्हटलं, तर 2021 पासून आमदार-खासदारांवरच्या खटल्यांत त्यालाही उच्च न्यायालयाची परवानगी लागते. काय दिवस आले! तरी घाबरू नका. तारखा आहेत, अपील आहे, छातीत दुखणं आहे. दोन वर्षांची शिक्षा झालीच, तर सुटल्यानंतर सहा वर्षं निवडणूक लढवता येत नाही. तेवढ्यापुरतं तिकीट वहिनींना. त्या निवडून आल्या की जनतेच्या दरबारात साहेब निर्दोष. आणि इंदुरात जेल रोडची भीती कुणाला? तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात. साहेब गेलेच तर फीत कापायला जातील.

एवढं मात्र बघा, की ही माया खालपर्यंत झिरपू नये. सराफ्यातल्या खाऊगल्लीत, रात्रीच्या गर्दीत, तुम्ही भुट्ट्याचा कीस खात असताना, एखाद्या पोराने खिशातला मोबाइल उडवला आणि तो सापडला, तर आधी दोन ठेवून द्या, मग पोलिसांत. त्याची आई हात जोडून आली, म्हणाली, दादा, पोरगं लहान आहे, केस नका करू, तर शांतपणे एवढंच विचारा: याच्या नावाचं एखादं मार्केट आहे का?