बाळाची ‘विषमुक्त’ खोली: त्या संदेशातला एकेक दावा

घरात बाळ येणार म्हटलं की कुठल्या ना कुठल्या ग्रुपवरून हा संदेश येऊन धडकतोच. ‘बाळाची खोली विषमुक्त करा’ असा मथळा आणि खाली सूचना: रंग झिरो व्हीओसीचाच (व्हीओसी म्हणजे रंगातून हवेत उडणारी सेंद्रिय रसायनं) लावा, मग त्याच दिवशी खोली वापरता येते. फर्निचर सगळं नवं आणि खऱ्या लाकडाचं घ्या. हवा शुद्ध ठेवायला स्नेक प्लांट आणि मनी प्लांट ठेवा, नासानेच सांगितलंय. डांबरगोळ्या आणि मच्छरांची औषधं फेकून द्या, कापूर आणि धुरी वापरा. गादी-उशी ऑरगॅनिक कापसाची घ्या. शेवटी ठळक अक्षरांत: ‘जे नैसर्गिक, ते बाळाला सुरक्षित.’

माझं काम घरांच्या अंतर्गत सजावटीचं. हा संदेश मोबाइलवर पुढे धरून बसलेले आईबाबा मला वरचेवर भेटतात. त्यांची काळजी खरी असते आणि खिशाला झेपेल त्याहून जास्त खर्च करायची तयारीही असते. म्हणूनच मला हा संदेश खटकतो. तो खरेदीची यादी देतो आणि ज्याने बाळाला खरोखर अपाय होऊ शकतो ते घरात तसंच राहू देतो, काही ठिकाणी तर तेच आणायला सांगतो.

रंगापासून सुरुवात करू. झिरो किंवा लो व्हीओसी रंग निवडणं चांगलंच, त्यात वाद नाही. पण डब्यावरचा तो आकडा बहुतेक वेळा मूळ पांढऱ्या बेसचा असतो. दुकानातल्या टिंटिंग मशीनमधून हवी ती छटा मिसळली की त्या रंगद्रव्यासोबत आणखी द्रावक येऊ शकतात. छटा जितकी गडद तितकी ही भर जास्त. शिवाय खिडकी-दरवाजांना ऑइल पेंट आणि त्याखाली लांबी (पुट्टी) असतेच, तिकडे कुणी बघत नाही. ‘त्याच दिवशी खोली वापरा’ हे तर मुळीच मानू नका. ओल्या रंगातून सर्वांत जास्त वाफा पहिल्या काही दिवसांत निघतात आणि थोड्याफार त्यानंतरही निघत राहतात. वास येईनासा झाला म्हणजे त्या संपल्या असं नाही, नाकाला सवय होते.

आपल्याकडे यावर एक सोपा उपाय हाताशी असतो आणि तो वाया जातो. पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी जाते. डोहाळजेवण झाल्यापासून ती बाळाला घेऊन परत येईपर्यंत सासरच्या घराला तीन-चार महिने सहज मिळतात. रंगकाम, सुतारकाम ती गेल्या गेल्या उरकलं आणि खिडक्या उघड्या ठेवल्या, तर पहिला सगळा वास रिकाम्या घरात निघून जातो. पण रंगारी बोलावला जातो तो बाळ यायच्या आदल्या आठवड्यात, कारण ‘सगळं कसं ताजं दिसलं पाहिजे’. कोणत्या कंपनीचा रंग घेतला यापेक्षा ही तारीख जास्त महत्त्वाची आहे.

आता रंगाबद्दल संदेशात जे अजिबात नाही ते सांगते: भिंतीवर आधीपासून असलेला जुना रंग. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण 90 पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत 90 भाग) जास्त नसावं हा नियम भारतात 2016 मध्ये झाला आणि 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये, विशेषतः पिवळ्या, केशरी, लाल, हिरव्या छटांमध्ये, शिसं भरपूर असू शकतं. शिशाची अमुक पातळी मुलांना सुरक्षित आहे असं जागतिक आरोग्य संघटना म्हणत नाही; त्याचा घाला थेट मेंदूच्या वाढीवर पडतो. जुन्या वाड्यातल्या किंवा चाळीतल्या खोलीच्या दाराची चौकट आठवा. रंगाचे चार-पाच थर, कोपऱ्यात पोपडे निघालेले, आतून कुठला तरी जुना पिवळा डोकावतोय. रंगारी येतो आणि कोरडा पॉलिश पेपर घेऊन ती चौकट खरखर घासायला लागतो. ती बारीक पूड जमिनीवर, खिडकीच्या कट्ट्यावर, पडद्यांवर बसते. सहा महिन्यांनी बाळ त्याच जमिनीवर रांगतं आणि हात तोंडात घालतं. म्हणून रंगाऱ्याला आधीच बजावा: पृष्ठभाग ओला करूनच घासायचं, खाली प्लास्टिक अंथरायचं, आणि त्या वेळी गरोदर बाई आणि मुलं घरात नकोत. नंतर झाडू न मारता दोन-तीनदा ओल्या फडक्याने पुसून घ्यायचं. जुना थर पक्का असेल, पोपडे नसतील, तर तो न छेडता वरून रंग देणं बरं.

फर्निचरचा दावा अर्धा खरा आहे. सागवान किंवा शिसवाची फळी प्लायवूड किंवा एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू गोंदाने दाबून केलेला बोर्ड, यांच्यापेक्षा खूपच कमी फॉर्मल्डिहाइड वायू सोडते. पण लाकूड खरं असलं तरी त्यावरचं पॉलिश कुठलं? ताजं मेलामाइन किंवा पीयू पॉलिश झालेल्या खोलीत डोळे चुरचुरतात, तो त्या फिनिशचा वास असतो, त्याला सागवान काही करू शकत नाही. आणि पूर्ण कपाट सागवानात करणं किती जणांना परवडतं? बहुतेकांच्या घरी प्लायच येणार, तेव्हा प्लायबद्दलच नीट बोलू.

कमर्शियल प्लाय, म्हणजे एमआर (थोडाफार ओलावा सोसणारा) ग्रेड, आणि पार्टिकल बोर्ड, एमडीएफ यांत सहसा युरिया-फॉर्मल्डिहाइडचा गोंद असतो. उष्णता आणि दमटपणा मिळाला की हा गोंद थोडा थोडा सुटतो आणि फॉर्मल्डिहाइड हवेत येतो. कर्करोगाला कारणीभूत ठरणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात त्याची नोंद आहे. डोळे आणि श्वासनलिका चुरचुरणं तर लगेच जाणवतं. मुंबईचा किंवा कोकणातला जून महिना या गोंदाला अगदी पोषक. बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही टिकणारा) ग्रेड, ज्याला दुकानदार मरीन प्लाय म्हणतात आणि ज्यावर आयएस 710 या भारतीय मानकाचा शिक्का असतो, त्यात फिनॉलिक गोंद असतो आणि तो कितीतरी कमी वाफ सोडतो. बोर्ड घ्यायचाच असेल तर ई1 किंवा ई0 (कमी फॉर्मल्डिहाइड सोडणारे वर्ग) लिहिलेला मागा.

सुतारकाम संपल्यावर तुम्हीही तपासू शकता अशी एक गोष्ट. कपाट दिवसभर बंद ठेवा, दुपारच्या उन्हाच्या वेळी उघडा आणि डोकं आत घाला. नाकात झिणझिण्या आल्या, डोळ्यांत पाणी आलं, तर आत बोट फिरवून बघा. बाहेरून छान सनमायका, पण मागची फळी उघडी, ड्रॉवरचा तळ उघडा, बिजागऱ्यांजवळच्या कडा उघड्या, फळीच्या खालच्या बाजूला काहीच नाही. बोर्डाच्या उघड्या कडेतून वाफ सर्वांत सहज बाहेर पडते. सुताराला सांगून प्रत्येक कडेला पट्टी आणि आतल्या प्रत्येक बाजूला लॅमिनेट लावून घ्या; खर्च फार वाढत नाही. आणि हे फक्त ‘बाळाच्या खोली’त करून भागत नाही. निदान पहिले सहा महिने बाळाने आईवडिलांच्याच खोलीत, पण स्वतःच्या वेगळ्या जागेवर झोपावं, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. कार्टूनवाली खोली रिकामी राहते आणि बाळ झोपतं ते आईबाबांच्या नव्याकोऱ्या वॉर्डरोबसमोर.

‘सगळं नवं घ्या’ ही सूचना म्हणूनच उलटी आहे. दहा वर्षं वापरलेल्या कपाटातून जे उडायचं ते बरंचसं उडून गेलेलं असतं. बहिणीच्या मुलाचा पलंग मिळत असेल तर जरूर घ्या. फक्त तो 2017 च्या आधी ऑइल पेंटने रंगवलेला नाही ना आणि गजांमधलं अंतर 6 सेंटीमीटरपेक्षा जास्त नाही ना, एवढं बघा.

झाडांची गोष्ट लवकर संपते. नासाचा 1989 चा अभ्यास खरा आहे, पण तो छोट्या, हवाबंद पेटीत झाला होता. राहत्या घरात दाराखिडक्यांतून हवा सतत बदलत असते. 2019 मध्ये संशोधकांनी अशा अनेक प्रयोगांचे आकडे एकत्र करून हिशेब मांडला: हवा जितकी आपोआप खेळते तेवढा परिणाम साधायला दर चौरस मीटरला 10 ते 1000 झाडं लागतील. दहा बाय दहाची खोली साधारण 9 चौरस मीटरची, म्हणजे कमीत कमी 90 कुंड्या. मनी प्लांटचं पान बाळाने चावलं तर त्यातल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या स्फटिकांनी तोंडाची आग होते. आणि बाटलीतल्या पाण्यात ठेवलेला मनी प्लांट डेंग्यूच्या डासाची आवडती जागा आहे. पालिकेचे कर्मचारी घरी तपासणीला आले की या बाटल्या हमखास बघतात. झाडं हवीत तर गॅलरीत लावा, डोळ्यांना बरं वाटतं.

सर्वांत धोक्याची सूचना कापूर आणि धुरीची. डांबरगोळ्या काढा हे मात्र अगदी बरोबर आहे आणि त्याचं कारण संदेशात द्यायला हवं होतं. आजी मायेने ट्रंकेतून दुपटी, झबली, कुंची काढते, घरभर डांबरगोळ्यांचा वास सुटतो आणि ते कपडे तसेच बाळाला घातले जातात. त्या गोळ्यांत नॅप्थलीन असतं. ज्या बाळाच्या रक्तात जी6पीडी हे विकर (एन्झाइम) कमी असतं, त्याच्या तांबड्या पेशी नॅप्थलीनमुळे फुटतात आणि कावीळ झपाट्याने वाढते. नवजात बाळाच्या मेंदूला ती कायमची इजा करू शकते. अंगाला नुकतंच तेल लावलेलं असेल तर नॅप्थलीन त्वचेतून अधिक सहज शिरतं. कमतरता आहे की नाही हे बाळाकडे बघून कळत नाही. म्हणून जुने कपडे बाळ येण्याच्या कितीतरी आधी काढा, बरेच दिवस कडक उन्हात वाळवा, धुवा, पुन्हा वाळवा. वास जाईपर्यंत वापरू नका. असे कपडे घातल्यावर बाळ पिवळं दिसलं तर दवाखान्यात जाताना डांबरगोळ्यांचं आवर्जून सांगा.

पण त्या जागी कापूर? कापराची छोटी वडी पोटात गेली तरी काही मिनिटांत लहान मुलाला झटके येऊ शकतात. दोन वर्षांखालच्या बाळाला तो चोळायचाही नसतो. उशाशी कापराची पुरचुंडी, झबल्याला कापराचं तेल, हे आजच बंद करा. कपाटात कपडे कोरडे आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवले की पुरे.

धुरीबद्दल लिहिताना मला कळतं की हे घरातल्या मोठ्यांना दुखावेल. न्हाऊ-माखू घातल्यावर ओवा, वावडिंग, ऊद टाकून शेगडीवर बाळाला धुरी देणाऱ्या हातांत प्रेमच असतं. पण धूर कशाचाही असो, त्यातले सूक्ष्म कण त्या इवल्या फुप्फुसांत जातात. मोठ्यांना सांगायचं तर असं सांगा: शेक द्या, ऊब द्या, मालिश करा, फक्त धूर नको. मच्छरांच्या कॉइलबाबत संदेशाशी मी सहमत आहे. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एका कॉइलमधून 75 ते 137 सिगारेटींइतके सूक्ष्म कण निघाल्याचं आढळलं. त्याला पर्याय मच्छरदाणी. बाळाच्या अंथरुणाभोवती चारी बाजूंनी खोचलेली, बाजारात कुठेही मिळणारी.

राहिली ऑरगॅनिक उशी. लहान बाळाला उशीच नको, मग कापूस कुठलाही असो. मऊ उशी, लोड, पलंगाच्या कडेचे गुबगुबीत बंपर यांत नाक दबून श्वास कोंडतो. अमेरिकेत तर असे बंपर विकायला 2022 मध्ये कायद्याने बंदी आली. घट्ट, सपाट गादी, तिच्यावर ताणून बसवलेली सुती चादर आणि पाठीवर झोपलेलं बाळ, एवढंच अंथरूण पुरतं. फोमची नवी गादी घेतलीच असेल तर वेष्टण काढून दोन-तीन आठवडे दुसऱ्या खोलीत उभी करून ठेवा. आणि ऑरगॅनिक गादीचे वाचलेले पैसे सुताराला कडेच्या पट्ट्यांसाठी द्या.