मोरी तुंबलेली, सेल्फी पॉइंट झगमगतोय

रस्त्याच्या दुरुस्तीचा निधी आला म्हणे! काल डोळ्यांनी पाहिला. दरीकडच्या वळणावर माणसाहून उंच रंगीत अक्षरं, आतून दिवे, खाली गुळगुळीत फरशी, स्टीलचं रेलिंग. आणि फरशी संपते तिथे, अगदी खेटून, खड्डा. पाणी भरलेला, त्यामुळे खोली कळायची सोय नाही. माझं पुढचं चाक त्यात आपटलं, रिम वाकली. उतरून बघतो तर शेजारी फलक: 'रस्ता दुरुस्ती व आनुषंगिक कामे'. आनुषंगिक कामं झकास उरकलीत! रस्ता तेवढा राहिला.

हाच खड्डा मागच्या पावसात बुजवलाय बरं का. कसा? पाणी तसंच ठेवून वरून डांबर-खडी ओतली, फावड्याची पाठ दोनदा थोपटली, चालले. खरी रीत काय? कडा चौकोनी कापा, आतला चिखल काढा, कोरडं करा, डांबराचा हात मारा, मग माल भरून रोलर फिरवा. ओल्या खडीला डांबर धरत नाही, हे का आता आम्ही सांगायचं?

मुळात पाणी रस्त्यावर येतंच का? डोंगराकडचं गटार मातीने भरलंय आणि रस्त्याखालून पाणी पलीकडे नेणाऱ्या मोरीच्या तोंडात निसर्गप्रेमींच्या बाटल्या कोंबल्यात. (ड्रोन उडवायला येतात, बाटली घरी न्यायला हात नसतात.) मग पाणी रस्त्यावरून वाहतं, भेगांतून मुरतं, खालचा थर पोचट होतो आणि वरचं डांबर पापुद्र्यासारखं सुटतं. मोरी साफ करायला दोन माणसं आणि एक फावडं पुरे. पण साफ केलेल्या मोरीची फीत कोण कापणार?

वर ऐकवतात काय, तर पर्यटकांच्या गाड्यांनी रस्ता उखडला! अहो, १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेत ट्रक फिरवून चाचणी झाली, तेव्हापासून माहितेय की आसावरचा (म्हणजे चाकं जोडणाऱ्या दांड्यावरचा) भार दुप्पट केला तर रस्त्याची झीज साधारण १६ पट होते. रात्री ताडपत्री ओढून जाणारे खाणीचे डंपर कोणाला दिसत नाहीत, आमची डबडी दिसतात.

हे सगळं मी त्या अक्षरांपुढे कमरेवर हात ठेवून मोठ्याने बोलत होतो, हे एका पोरीने "काका, जरा बाजूला होता का, फ्रेममध्ये येताय" म्हटल्यावर लक्षात आलं. झालो बाजूला. वर त्या अख्ख्या ग्रुपचे फोटोही काढून दिले. छान आले. खड्डा येणार नाही असा अँगल मीच शोधला.

तरी घरी येऊन तक्रार टाकलीच, तुंबलेल्या मोरीच्या फोटोसकट. उत्तर आलं, तेही तासाभरात: 'सदर रस्ता या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही.' मग मागच्या तक्रारीला कुठल्यातरी भलत्याच रस्त्याचा फोटो चिकटवून 'निराकरण झाले' असं कोणी लिहिलं होतं?