आमच्या घरात बॉम्ब चालूच राहणार

आज डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी खुशाल पुढे जा.

दुपारी भाचा आला होता. इंजिनिअरिंगला आहे, हॉस्टेलवर रात्रभर स्मॅश ब्रदर्स या मारामारीच्या व्हिडिओ गेमच्या मॅचेस लावतात म्हणे. दादा आला म्हणून माझी लेक नाचत कंट्रोलर घेऊन आली. यानं काय करावं? आधी सगळे आयटम्स (खेळताना मध्येच पडणारे बॉम्ब, बॅट वगैरे) बंद केले, स्टेज घेतलं फायनल डेस्टिनेशन, म्हणजे नुसती सपाट फळी, आणि पोरीला स्टेजच्या कडेवरून खाली पाडून परत वर येऊच दिलं नाही. ती रडवेली होऊन आत गेली. मी बोलले तर मलाच ऐकवतो, "मावशी, आयटम्स लावून खेळणं म्हणजे लुडो झाला. त्यात स्किल काय?"

अरे, लुडोनं तुझं काय घोडं मारलंय?

सुपर स्मॅश ब्रदर्स अल्टिमेट. मारिओ, पिकाचू, सॉनिक, पॅक-मॅन, स्ट्रीट फायटरमधला र्‍यू, सगळे एकाच आखाड्यात. १९९९ च्या पहिल्या गेममध्ये १२ जण होते, आता ८९ आहेत. एवढं वऱ्हाड कशासाठी जमवलं? दोघांनी एका सपाट फळीवर तोंड पाडून एकमेकांच्या चालींच्या फ्रेम, म्हणजे सेकंदाचे साठावे भाग, मोजत बसावं म्हणून?

गणपतीत आमच्या सासूबाई पहिल्यांदा खेळल्या. त्यांनी कर्बी घेतला, कारण "तो गुलाबी बरा दिसतोय". स्क्रीनवर खाली टक्के दिसतात ना, तर यांचे दीडशे झाले आणि विचारतात, "म्हणजे मी पहिली आले का गं?" त्यांना सांगावं लागलं की आई, इथे टक्के वाढले की माणूस लांब उडतो. मग त्यांना कर्बीचं गिळायचं बटण सापडलं. त्यांनी दिराला गिळलं आणि सरळ कड्यावरून खाली उडी मारली. दोघंही गेले. "मी गेले तर गेले, याला घेऊन गेले!" घर नुसतं हसून लोळत होतं. आरतीला उशीर झाला.

आता भाच्याच्या हिशेबात ती मॅच धरायचीच नाही.

ज्यानं हा गेम बनवला त्या मासाहिरो साकुराईंनी स्वतः सांगितलेला किस्सा आहे. आर्केडमध्ये ते किंग ऑफ फायटर्स ९५ हा मारामारीचा गेम खेळत होते, समोरच्याला धुऊन काढलं, आणि मग बघतात तर पलीकडे एक नवशिकं जोडपं. त्यांची सगळी मजा आपण घालवली हे त्यांच्या मनाला लागलं. सलग फटक्यांचे लांबलचक कॉम्बो पाठ न करता चौघांना मिळून धिंगाणा घालता येईल अशी मारामारी हवी, हे त्यातूनच आलं. त्याचा पहिला नमुना सातोरू इवातांनी, स्वतः गेम बनवणाऱ्या कंपनीचे अध्यक्ष असताना, शनिवार-रविवारी बसून प्रोग्राम केला. म्हणजे गेमचा जन्मच नवशिक्याला चिरडल्याच्या खंतीतून झालाय, आणि आमचे चिरंजीव त्याच गेममध्ये लहान पोरीला चिरडून वर स्किल शिकवतात!

बरं, पैसे लावलेली स्पर्धा असेल तर डोक्यावर बॉब-ओम्ब हा बॉम्ब पडून हरणं अन्याय आहे. मान्य. याच मालिकेतल्या २००८ च्या ब्रॉल या गेममध्ये धावता धावता पात्रं उगाच घसरून पडायची, त्यावर लोक चिडले तेही बरोबरच होतं.

आणि लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय, तर हेही लिहिते. त्या मेलीवाल्यांबद्दल मला मनातून आदर आहे. मेली म्हणजे याच मालिकेतला २००१ चा गेम, अजून त्याच्या स्पर्धा भरतात. २०१३ ला इव्हो या मारामारीच्या गेम्सच्या मोठ्या स्पर्धेत कोणता गेम घ्यायचा हे देणग्यांवर ठरणार होतं, पैसे जाणार होते स्तनाच्या कर्करोगाच्या संशोधनाला. या लोकांनी ९४ हजार डॉलरच्या वर गोळा केले आणि मेलीला आत नेलं. त्यावर खुद्द गेमच्या मालक कंपनीनं, निन्टेन्डोनं, प्रक्षेपण अडवायचा प्रयत्न केला आणि ओरड झाल्यावर मागे घेतला. असं प्रेम असलं की बसा खुशाल फ्रेम मोजत, माझी काही हरकत नाही.

पण ते लोक बरोबरीच्यांशी खेळतात हो! आठ वर्षांच्या पोरीला कडेवर अडवून ठेवणं याला स्पर्धा म्हणत नाहीत, माज म्हणतात. सासूबाईंना त्या दिवशी कुणी म्हटलं असतं की "आजी, असं नसतं खेळायचं", तर त्यांनी कंट्रोलर ठेवून दिला असता आणि पुन्हा कधी हात लावला नसता. आता त्या संध्याकाळी सिरियल सोडून विचारतात, "लावतेस का गं तो गुलाबी?"

तर शनिवारी रात्री आमच्याकडे जमायचंय. एका वेळी आठ जण खेळू शकतात, कंट्रोलर आपापले आणा. बॉब-ओम्ब चालू, बॅट चालू, पोके बॉल चालू. मिसळ मी करते. जो जिंकेल त्यानं भांडी घासायची.