खुलासा: ब्रिस्केट (बीफचा छातीचा तुकडा) ६३ अंशांवर उतरवू नका

"कमी चरबीचं ब्रिस्केट आतून ६३ अंश सेल्सिअस झालं की लगेच उतरवा, नाहीतर वातड होतं" असा मेसेज टेक्सासमधल्या मराठी ग्रुपांवर फिरतोय. ६३ हा अमेरिकी कृषी खात्याचा आकडा खरा आहे, पण तो सुरक्षिततेचा, मऊपणाचा नाही. छातीचा हा स्नायू जनावराचा भार पेलतो. त्यातलं कोलॅजन (मांसाला चिवट ठेवणारं प्रथिन) सावकाश विरघळतं आणि मांस साधारण ९० ते ९६ अंशांवर मऊ पडतं. ६३ला उतरवलंत तर वातडच मिळेल.

वाटेत ६५ ते ७५च्या दरम्यान थर्मामीटरचा काटा तासन्‌तास अडतो. विस्तव विझलेला नसतो; वरचं पाणी उडताना मांस थंड होत असतं. तेव्हा बुचर पेपरमध्ये (मांस गुंडाळायच्या जाड कागदात) गुंडाळा, कारण या तुकड्याला सुकण्यापासून वाचवायला पुरेशी चरबी नाही. थर्मामीटरची सळई न अडखळता शिरली की झालं.

कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका, आलेल्या ग्रुपवर हा खुलासा टाका.