पडदे आहेत, पण चाकंही आहेत

आमच्या अंगणात कडुलिंबाखाली एक गाडी उभी आहे. तिच्यात स्वयंपाकाचा ओटा आहे, झोपायला दोन बाकडी आहेत, संडास आहे, खिडक्यांना हिने स्वतः शिवलेले फुलाफुलांचे पडदे आहेत आणि टपावर एसी आहे. ‘चाकावरचं घर आहे भावजी,’ असं म्हणून मेव्हण्याने ती पुण्याहून माझ्या गळ्यात मारली. मेव्हणा खोटं बोलत नाही, फक्त अर्धं सांगतो. ‘एसी मस्त चालतो’ म्हणाला. पुण्यात चालतही असेल. तिथे मे महिना कॅलेंडरवर येऊन जातो.

आमच्याकडे तो अंगावर येतो. २३ मे २०१३ रोजी नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. मुंबईकर जसे ‘२६ जुलैला मी कुठे अडकलो होतो’ ते सांगतात, तसं आम्ही त्या दिवशी कोणत्या कूलरसमोर बसलो होतो ते सांगतो.

तर ठरलं असं, की नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ भाजून काढणारे दिवस, लागायच्या आत या घरात बसून पचमढीला पळायचं. आदल्या दिवशी रंगीत तालीम म्हणून बैठकीतल्या प्लगमधून वायर ओढून गाडीला वीज दिली आणि एसीचं बटण दाबलं. घुर्रर्र... ठक्. शांतता. तीन मिनिटांनी पुन्हा घुर्रर्र, पुन्हा ठक्. पंखा मात्र इमानेइतबारे गरम हवा फेकत होता. भाकरी ठेवली असती तर फुगली असती.

खिशात कांदा टाकून, डोक्याला दुपट्टा बांधून गाडी वाडीकडच्या एका एसीवाल्याकडे नेली. त्याने बॉनेट उघडलं, पट्टा पाहिला, पुली पाहिली, मग टपाकडे पाहिलं आणि बॉनेट बंद केलं. ‘भाऊ, हा इंजिनवर नाही चालत. दोनशे तीस व्होल्टचा आहे. हा तं घरचा एसी आहे. घरच्या मिस्त्रीले दाखवा.’

घरचा मिस्त्री दुसऱ्या दिवशी आला. गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली. ‘बाहेरचा युनिट कुठं आहे याचा?’ म्हटलं, बाहेरचा-आतला सगळा टपावरच्या त्या एकाच खोक्यात आहे. ‘मंग हे गाडीचं काम आहे, साहेब. आपण गाडीले हात नाही लावत.’ आणि चहा पिऊन गेला.

म्हणजे लग्नाच्या पंगतीत दोन्हीकडच्यांनी ‘तिकडचा पाहुणा’ समजून उपाशी ठेवलेल्या माणसासारखी त्या एसीची गत झाली. शेवटी मीच टपावर चढलो. सकाळी सहाला, कारण नऊनंतर त्या पत्र्यावर फक्त पापड चढू शकतो. झाकण काढलं तर कंडेन्सरच्या तोंडाशी साळुंकीचं रिकामं घरटं. उष्णता बाहेर जायची वाटच काड्यांनी बुजलेली. मला आर्किमिडीजसारखं झालं. घरटं काढलं, जाळी धुतली, बटण दाबलं. घुर्रर्र... ठक्.

तेव्हा शेजारचे काका आले. वीज मंडळातून निवृत्त झालेले, पण मल्टिमीटर अजून सेवेत. त्यांनी नुसत्या प्लगला तपासलं: २२८ व्होल्ट. मग मला बटण दाबायला सांगितलं. कॉम्प्रेसर उठायला गेला आणि काटा १७८ वर बसला. काकांनी वायर बोटांत धरली. चांगलीच तापली होती.

‘हे कुठून आणलं?’

‘घरातलंच आहे. तीस मीटर.’

‘अबे, हे गणपतीच्या लायटिंगचं आहे ना!’

कॉम्प्रेसर सुरू होताना एरवीपेक्षा कितीतरी पट करंट खेचतो. लांब आणि बारीक वायरीत व्होल्ट वाटेतच सांडतात, त्याला उठता येत नाही, तो तापतो आणि स्वतःला बंद करून घेतो. दोन मिस्त्री, एक घरटं आणि माझी आर्किमिडीजगिरी, सगळं त्या पंधरा रुपये मीटरच्या वायरीपायी. स्वयंपाकघरातल्या सोळा अँपिअरच्या सॉकेटमधून चार स्क्वेअर एमएमची जाड वायर ओढली आणि एसी असा गार झाला की हिने शाल मागितली.

त्या आनंदात निघालो. मेव्हण्याच्या वाक्याचा उरलेला अर्धा भाग रस्त्यावर कळला. गाडीतली बॅटरी बारा व्होल्ट, शंभर अँपिअर-अवर, म्हणजे कागदावर बाराशे वॅट-अवर. एसी खातो बाराशे वॅट. हिशेबाने एक तास. पण लेड-अॅसिडची बॅटरी अर्धी उपसली की तिचा जीव जातो, म्हणून इन्व्हर्टर आधीच किंचाळून सगळं बंद करतो. तो बरोबर नागपूरच्या वेशीवर, कोराडीला किंचाळला. समोर औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या धूर सोडत होत्या, अख्ख्या महाराष्ट्राला वीज जात होती आणि त्यांच्या पायथ्याशी आम्ही चौघं पन्ह्याचा थर्मास कवटाळून घामाने निथळत बसलो होतो. पचमढी राहिली.

हिवाळ्यात रामटेकजवळच्या खिंडसी तलावावर गेलो तेव्हा डिझेल हीटरने पाळी घेतली. रात्री दोनला त्याच्या पंपाची टक-टक थांबली ती थांबलीच. नागपूरकडे ३.५ अंशही पाहिलेले आहेत, २९ डिसेंबर २०१८ ला, त्यामुळे मी ग्लो प्लगपासून फ्यूजपर्यंत सगळ्यांना शिव्या घातल्या. दोष निघाला माझ्या हातात. हीटरची नळी टाकीत मुद्दाम आखूड ठेवलेली असते, ऊब घेता घेता घरी जायचं डिझेल संपू नये म्हणून. पाव टाकीच्या खाली ती नुसती हवा चोखते. मी दोन लिटर वाचवायला टाकी पाव ठेवली होती. ‘स्वभाव,’ हिने पांघरुणातून निदान केलं.

तेव्हापासून गाडी कडुलिंबाखालीच आहे. एसीची क्षमता मोजतात ती बाहेर ३५ अंश धरून, आणि मे महिन्यात आमच्याकडे ३५ अंश असतात ते रात्री जेवणं झाल्यावर. त्यामुळे झाडाची सावली आणि स्वयंपाकघराची वायर सुटली की त्याचा धीर सुटतो. मार्चमध्ये आई तिथे राहायला गेली. टीव्ही तिचा, रिमोट तिचा. पण एसीने तिचे गुडघे धरतात. म्हणून लोखंडी स्टँड ठोकून खिडकीला कूलर बसवला, वाळ्याच्या ताट्या लावल्या. दारात तुळस आली. चाकांना विटा लावल्या.

परवा घरातला एसी धुवायला तोच मिस्त्री आला होता. जाता जाता अंगणात थबकला. कूलर पाहिला, तुळस पाहिली, दोरीवरचं आईचं नऊवारी पाहिलं.

‘साहेब, वरचा एसी बी धुऊन देऊ का?’

‘तुम्ही तर गाडीले हात लावत नाही ना?’

‘गाडी कुठं आहे?’ तो म्हणाला आणि शिडी लावली.